देवांच्या डोक्यावरचा भुसा

मागच्या वेळी झोपाळ्याबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, की घरात एवढं लाकूडकाम करता, तर भुशाचं काय करता? खरं सांगायचं तर चार वर्षं मी त्याचं काहीच करत नव्हतो. काम संपलं की झाडू मारायचा, पोतं भरायचं आणि गल्लीच्या टोकाच्या गोठ्यात नेऊन द्यायचं. आपण भारी नीटनेटके आहोत, असाच माझा समज होता.

तो समज आईने मोडला. एका सोमवारी सकाळी पूजेला बसल्यावर तिने हाक मारली. ‘‘काल चिंच लावून घासली होती रे हिला,’’ म्हणत तिने पितळेची अन्नपूर्णा माझ्यापुढे धरली. देवीच्या डोक्यावर, खांद्यांवर, हातातल्या पळीवर पिवळसर पिठासारखा थर होता. बाळकृष्णही तसाच. बोट फिरवून वास घेतला, तर सागवान. आदल्या दिवशी मी मागच्या खोलीत सागाची फळी सँडरने घासली होती. ती खोली आणि देवघर यांच्यामध्ये दोन दारं आणि एक स्वयंपाकघर आहे, आणि दोन्ही दारं बंद होती.

आईने एवढंच विचारलं, ‘‘देवांच्या डोक्यावर एवढा, तर पोरीच्या छातीत किती?’’

माझी लेक सहा वर्षांची आहे. रविवारी ती माझ्या शेजारी पाटावर बसून उरलेल्या तुकड्यांची घरं करते. त्या थंडीत तिचा रात्रीचा खोकला काही केल्या जात नव्हता. तो भुशामुळे होता असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पण त्यांनी घरात धूर-धूळ काय आहे असं विचारलं, तेव्हा मी ‘काही नाही’ म्हणून आलो होतो. ते मात्र खोटं होतं.

आता त्या मीटरची गोष्ट. पीथमपुरात राहणाऱ्यांना जानेवारी २०२५ आठवत असेल. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा ३३७ टन कचरा जाळण्यासाठी आपल्या गावात आला. मोर्चे निघाले, बाजार बंद राहिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी जूनअखेर तो जाळून झाला. त्या जानेवारीतच मी घाबरून हवेतली धूळ मोजणारा एक छोटा मीटर मागवला. विषारी वायू त्याला कळत नाहीत, फक्त अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण मोजता येतात, हे तो आल्यावर वाचलं. मग तो टीव्हीशेजारी पडून राहिला. मी रोज सकाळी आकडा बघायचो आणि खिडकीबाहेरच्या चिमण्यांना नावं ठेवायचो. चिमण्या म्हणजे कारखान्यांच्या, हे सांगायला नकोच.

अन्नपूर्णेच्या प्रकारानंतर तो मीटर मागच्या खोलीत नेला. सँडर सुरू करण्याआधी आकडा ७० होता. आपल्या देशात दिवसभराच्या सरासरीची मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५, म्हणजे सुरुवातच काही शोभेची नव्हती. दहा मिनिटं सागवान घासलं आणि आकडा ९९९ वर जाऊन थांबला, कारण त्या बिचाऱ्याला तीनच आकडे दाखवता येतात. पाऊण तासाने देवघरात २१० होते. संध्याकाळी सहाला काम थांबवलं होतं, रात्री अकराला त्या खोलीत अजून १४० होते. मीटर स्वस्तातला आहे, त्याच्या आकड्यांची शपथ मी घेणार नाही. पण ज्या घरात मी वर्षभर बाहेरच्या हवेची काळजी करत होतो, त्या घरातला सगळ्यात मोठा आकडा माझ्याच हातून निघाला होता.

जमिनीवर पडतो तो भुसा डोळ्यांना दिसतो, नाकाला सलतो, शिंकेबरोबर बाहेर येतो. खरी भानगड जे दिसत नाही त्याची असते. दहा मायक्रॉनचा कण एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटं घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी आठेक तास लागतात. म्हणजे आपण हात-पाय धुऊन, वरण-भात जेवून, मालिका बघून झोपलो, तरी तो हवेतच असतो. सकाळी आई झाडू मारते, तेव्हा जेमतेम खाली आलेला पुन्हा उठतो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे, मुख्यतः नाकाच्या कर्करोगामुळे. एमडीएफ चिकटवायला जे फॉर्माल्डिहाइडचं रसायन वापरतात, ते फॉर्माल्डिहाइड २००४ मध्ये त्याच गटात गेलं. हे निष्कर्ष वर्षानुवर्षं रोज कारखान्यात काम करणाऱ्यांच्या अभ्यासावरून आलेत, रविवारच्या हौशी सुताराने लगेच मृत्युपत्र करायची गरज नाही. पण साग आणि शिसम यांची धूळ काहींना त्वचेची, दम्याची ॲलर्जी देते, त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही.

इथून पुढे मी जे केलं, ते आमच्या धंद्यातला कोणीही करेल. एक्सेल शीट उघडली. अठरा रकाने, प्रत्येकाला गुण. चार दिवसांनी शीटने कौल दिला: तीन हॉर्सपॉवरचा सायक्लोन, थ्री फेज कनेक्शन, खोलीभर सहा इंची पाइप. खर्च सव्वा लाखाच्या पुढे. बायकोने शीट पाहिली आणि म्हणाली, ‘‘ह्यात एक रकाना राहिला. तू आठवड्यात काम किती तास करतोस?’’

तीन. सण असला तर शून्य.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि ओलं-सुकं दोन्ही ओढणारा एक व्हॅक्यूम घेऊन आलो, साडेसात हजारांचा. पहिली पंधरा मिनिटं झकास. नंतर ओढ कमी कमी होत गेली. उघडून पाहिलं, तर फिल्टरवर भुशाचं धिरडं बसलेलं. फटके मारून साफ केलं, आणि ते करताना खोलीत जो ढग उठला त्यापुढे सँडरचं काहीच नाही. मीटर पुन्हा ९९९.

शेवटी बाबांना विचारलं. खरं तर त्यांनाच आधी विचारायला हवं होतं. बाबा तीस वर्षं पीथमपुरातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी शीटकडे बघितलंही नाही. म्हणाले, ‘‘मोटर किती ताकदीची ते मागाहून. धूळ कुठून निघते ते आधी दाखव.’’

मग त्यांनी नातीसाठी एक खेळ केला. वाढदिवसाच्या केकवरची जुनी मेणबत्ती लावली आणि हातभर लांबून फुंकर मारायला सांगितली. विझली. (आई आतून ओरडली, की दिवा फुंकरीने विझवू नये. बाबा म्हणाले, हा दिवा नाही, प्रयोग आहे.) पुन्हा लावली आणि तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवायला सांगितलं. पोर लालबुंद झाली, ज्योत हललीसुद्धा नाही. धूळ ओढण्याचं सगळं शास्त्र या मेणबत्तीत आहे. फुंकलेली हवा लांबवर एकत्र जाते, ओढलेली हवा चहूकडून येते. पाइपच्या तोंडापासून पाइपच्या व्यासाएवढं अंतर गेलं, की ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. चार इंची पाइप चार इंच लांब धरलात, तरी नव्वद टक्के जोर गेलाच. मग मोटर तीनची असो की पाचची. १९४८ च्या कारखाने कायद्याचं चौदावं कलम धुळीबद्दल होतं, त्यातही हेच म्हटलं होतं: यंत्र उगमाच्या जितकं जवळ लावता येईल तितकं लावा. बाबांना ते कलम पाठ होतं. माझ्या अठरा रकान्यांत ‘अंतर’ हा रकानाच नव्हता.

मग आम्ही एकेक हत्यार घेऊन बसलो. सँडर हातात घेऊन बाबांनी तो उलटा केला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. सँडरच्या तळाला आठ भोकं असतात, त्यांतून धूळ आत ओढली जाते. त्यावर लावायच्या पॉलिश पेपरलाही आठ भोकं असतात, ती एकमेकांवर यावी लागतात. मी दोन वर्षं पेपर कसाही डकवत होतो. आठही भोकं बंद. सव्वा लाखाचा सायक्लोन आणला असता, तरी त्याला ओढायला वाट नव्हती.

व्हॅक्यूम आणि डस्ट कलेक्टर ही एकाच कामाची लहान-मोठी यंत्रं आहेत, असं मला वाटायचं. तसं नाही. व्हॅक्यूमची ओढ जोरदार, पण हवा थोडी. अरुंद पाइपातून, लांबून खेचायला तो चांगला. उसाचा रस स्ट्रॉने प्यायचा तो प्रकार. डस्ट कलेक्टरचा पंखा हवा भरपूर हलवतो, पण त्याचा जोर कमी. त्याला दीड इंची नळी लावली, तर तो नुसता गुरगुरतो. त्याला रुंद वाट लागते: दोन इंचीऐवजी चार इंची पाइप घेतला, तर वाट चौपट होते. त्या चार इंची पाइपात भुसा खाली न बसता वाहत राहायला मिनिटाला साधारण साडेतीनशे घनफूट हवा हलावी लागते. म्हणून सँडर, राउटर या हातातल्या यंत्रांना व्हॅक्यूम, आणि टेबल सॉसारख्या बसक्या यंत्राला कलेक्टर. एकाच यंत्राकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट धरला, की पैसे जातात.

व्हॅक्यूमच्या धिरड्यावर उपाय सायक्लोन. तिरकी शिरलेली हवा शंकूत गोल फिरते, जड कण भिंतीला घासत खाली डब्यात पडतात, हवा मधून वर निघून जाते. फिल्टरपर्यंत फारच थोडं पोहोचतं. आरा गिरण्यांच्या छपरांवर ही नरसाळी कधीपासून आहेत. जेम्स डायसनने ती पाहून घरगुती व्हॅक्यूमसाठी तीच युक्ती वापरायची ठरवली आणि ५,१२७ नमुने केले. मी प्लास्टिकचा तयार शंकू बाराशेला आणला आणि रंगाच्या वीस लिटरच्या बादलीच्या झाकणावर बसवला. पहिल्याच दिवशी पाइपचं तोंड चुकून फळीला चिकटलं आणि बादली ‘ढप्प’ करून आत चेपली. लेकीला ते इतकं आवडलं की पुन्हा कर म्हणाली. आता तिथे पत्र्याचा डबा आहे.

राहिला कलेक्टर. सियागंजमध्ये एका दुकानदाराने एक हॉर्सपॉवरचा दाखवला, सुबक होता. मी विचारलं, पिशवी किती मायक्रॉनची? ‘‘एकदम बारीक,’’ तो म्हणाला. लेबल वाचलं, तर ३० मायक्रॉन. अशी पिशवी म्हणजे जाड भुसा आत ठेवून बारीक धूळ डोक्याच्या उंचीवरून खोलीभर शिंपडायचं यंत्र. तुम्ही घेणार असाल, तर हॉर्सपॉवरच्या आधी हे विचारा. एक मायक्रॉनपर्यंत अडवणारा घडीचा फिल्टर लावा, नाहीतर यंत्र सरळ खोलीबाहेर ठेवा.

आम्ही बाहेर ठेवायचं ठरवलं. घरामागे रिकामा प्लॉट आहे, कुणाची वाळवणं नाहीत. बाबा मला तिसऱ्या सेक्टरमधल्या एका पत्राकाम करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने सिंगल फेजची एक हॉर्सपॉवरची मोटर, पंखा, ड्रम आणि वर पिशवी असा संच बावीस हजारांत करून द्यायचं कबूल केलं.

तिथे वेल्डिंग करणारा माणूस कुक्षीकडचा होता. घरातल्या भुशासाठी हे करतोय म्हटल्यावर त्याने काच वर केली आणि बाबांना म्हणाला, ‘‘अच्छा कर रहे हो साहब. मेरे काका गोधरा गए थे.’’ एवढंच म्हणून तो पुन्हा कामाला लागला. मला काही कळलं नाही. परतताना बाबांनी सांगितलं.

आपल्या धार जिल्ह्यातले, झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी मजूर गुजरातेत गोधरा, बालासिनोरकडे गारगोटी दळायच्या कारखान्यांत कामाला जायचे. कोरडी पूड, बंद शेड. काही महिने काम करून परत आलेली विशी-तिशीतली माणसं दम लागून मरायला लागली. सिलिकोसिस. फुप्फुसात गेलेली सिलिकाची पूड बाहेर निघत नाही आणि त्यावर बरं करणारं औषध नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख द्यावेत असं गुजरात सरकारला सांगितलं, ते द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये काढावा लागला. मी ह्याच जिल्ह्यात वाढलो, आणि हे मला चौतिसाव्या वर्षी एका पत्र्याच्या दुकानात कळलं. बाबा पुढे म्हणाले, की त्यांच्या लहानपणी पाटीवरची पेन्सिल मंदसौरची असायची, ती कापणाऱ्यांनाही हाच आजार व्हायचा. आपण सगळ्यांनी ग म भ न त्याच पेन्सिलीने गिरवलं.

लाकडाची धूळ म्हणजे गारगोटीची पूड नव्हे, दोन्हींना एका मापाने मोजू नये. पण गाडीत बसून मला माझी एक्सेल शीट आठवत होती. तिच्यात ‘आवाज’, ‘दिसायला कसं’ असे रकाने होते.

तर आता मांडणी अशी आहे. कलेक्टर बाहेर पत्र्याखाली, चार इंची पाइप भिंतीतून आत, टेबल सॉपर्यंत सहा फूट, काटकोनी एल्बो एकही नाही. यंत्र हवा बाहेर फेकतं, तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारातून आली आणि वर्कशॉपभर लसणाच्या फोडणीचा वास पसरला. आता घराकडचं दार बंद, समोरची खिडकी उघडी. सँडर आणि राउटरला व्हॅक्यूम आणि डबा. तोंडावर एन-९५, त्यासाठी दाढी काढली. लेकीला काम चालू असताना आणि त्यानंतर दोन तास प्रवेश नाही. ती अजून रागावलेली आहे. लोखंड घासायचा ग्राइंडर कलेक्टरला कधीच जोडायचा नाही, भुशाच्या पिशवीत एक ठिणगी पुरते.

सगळ्यात मोठा फरक मात्र ज्याला पैसे पडले नाहीत त्याने पडला. एमडीएफ घरात आणणं बंद केलं. प्लायचे मोठे तुकडे दुकानातूनच कापून आणतो. आणि सागाची फळी सँडरने गुळगुळीत करण्याऐवजी रंधा मारायला शिकतोय. रंध्याने लाकडाची साल निघते, पीठ होत नाही. ती कुरळी साल लेकीला द्यायला हरकत नाही. तिने बाहुल्यांचे केस केलेत.

मागच्या रविवारी दहा मिनिटं सँडर चालवून मीटर पाहिला: वर्कशॉपमध्ये ११०, देवघरात जेवढे आधी होते तेवढेच. सोमवारी आईने अन्नपूर्णेच्या डोक्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिलं आणि काही न बोलता गंध लावलं.

हे सगळं झाल्यावर माझ्या मावसभावाने इंदूरच्या फ्लॅटमध्ये फर्निचर काढलं. मी बघायला गेलो. बंद बेडरूममध्ये दोन मिस्त्री एमडीएफ कापत होते, तोंडाला गमछा, पिवळ्या धुक्यात बल्ब. त्यांचा हा रविवारचा छंद नव्हे. महिनाभर हे घर, मग पुढचं. आपल्या सगळ्यांच्या घरातलं मॉड्युलर किचन असंच झालं आहे, माझंसुद्धा. तेव्हा मी लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत बसायचो, धूळ फार होते म्हणून.

मी व्हॅक्यूम, डबा आणि मास्कचं खोकं नेऊन दिलं. भावाला वाटलं, काम लांबेल. पहिले दोन दिवस मिस्त्रींनी तो कोपऱ्यात ठेवला, त्यावर चहाचे ग्लास मांडले. तिसऱ्या दिवशी मोठ्या मिस्त्रींचा फोन आला. मशीन ठीक आहे, पण पाइप पायात येतो, पंधरा फुटांचा आणून द्या. पंधरा फुटांत ओढ कमी होणार, ते त्यांना सांगावं की आधी आणून द्यावा, हे ठरत नव्हतं. बाबा म्हणाले, आण, पण आतून गुळगुळीत असलेला आण, वळ्यांचा नको. शनिवारी सियागंजला जाणार आहोत.